चीक आणि वासराचे आतडे

श्रोतेहो, गाय व्याली म्हणजे शेतकऱ्याच्या घरात दोन गोष्टींची वाट पाहण्यात येते. वार केव्हा पडते, ही एक. आणि खरवस केव्हा होतो, ही दुसरी. या दोहोंच्या गडबडीत ज्याच्यासाठी निसर्गाने तो चीक निर्माण केला, ते नुकतेच भुईवर आलेले वासरू मात्र कित्येकदा चार-सहा तास, क्वचित सारी रात्रही, उपाशी राहते. या उपाशी तासांत वासराच्या आतड्यात काय घडावयाचे राहून जाते, हे आज आपणांस सांगण्याचा माझा विचार आहे. मी पशुवैद्य नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते खेड्यांतील मुलांस शिकविण्यात. परंतु ज्या घरात मी वाढलो तेथे गुरे होती, आणि या विषयाकडे माझे लक्ष वळले ते एका वासराच्या मृत्यूमुळे.

ती गोष्ट १९७० च्या सुमाराची. मी तेव्हा मराठी चौथीत होतो. पौषातल्या थंडीत मध्यरात्रीनंतर आमच्या देवणी गाईस गोऱ्हा झाला. अर्ध्या तासाच्या आत तो चारी पायांवर उभा राहिला आणि आईच्या कासेकडे धडपडू लागला. परंतु वार पडल्यावाचून वासरास चीक पाजावयाचा नाही, पाजल्यास वार अडकते, अशी वडीलधाऱ्यांची समजूत होती. म्हणून त्यास दाव्याने बाजूस बांधण्यात आले. वार पडली ती दुसऱ्या दिवशी ऊन चांगले वर आल्यावर. मग चीक काढला, गोऱ्ह्यास पाजला, उरलेल्याचा खरवस झाला, आणि आम्हां मुलांनी तो आनंदाने खाल्ला. तिसऱ्या दिवशी गोऱ्ह्यास हगवण लागली आणि आठव्या दिवशी तो गेला. आमच्या घरात कोणी निर्दय नव्हते. आजोबा तर त्या दिवशी जेवले नाहीत. एका वासरावरून सिद्धांत बांधता येत नाही, हे मी जाणतो. त्या गोऱ्ह्याच्या हगवणीस दुसरेही कारण असू शकेल. तथापि त्या रात्री त्याच्यापासून आपण काय हिरावून घेतले, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनात कळले, आणि तेव्हापासून ते चार लोकांस सांगावे असे वाटत आले आहे.

आमचा उदगीरचा मुलूख गुरांसाठी नावाजलेला आहे. उदगीरशेजारचे देवणी हे गाव आज स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण असून, त्याच गावाच्या नावाने देवणी ही गोजात सर्व देशात ओळखली जाते. तिचे तीन पोटभेद जाणता शेतकरी दुरूनच ओळखतो. अंग पांढरे व तोंडाच्या बाजू काळ्या, तो वानेरा. बहुतेक सर्व अंग पांढरे, तो बालंक्या. आणि पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके, तो शेवरा. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील कंधारने लाल कंधारी ही आणखी एक जात दिली आहे. देवणीचा बैल कामास दणकट, आणि गाय दुधासही बरी. एका वेतात सरासरी आठ-नऊशे लिटरांच्या आसपास दूध देणारी. उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय असून, २००० साली नागपूर येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे ते एक अंग आहे. अशा मुलखात चांगल्या गाईचे वासरू पहिल्या पंधरवड्यात दगावणे ही त्या घराची हानी तर खरीच. परंतु जातिवंत गुरांच्या वंशाचीही ती हानी होय.

आता मूळ विषयाकडे वळू. खाल्लेले अन्न अंगी लागते, असे आपण म्हणतो. हे अंगी लागणे म्हणजे नेमके काय? अन्न पोटात गेले म्हणजे ते शरीरात गेले, असे होत नाही. तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्ग ही एक लांबच लांब नळी आहे, आणि तिच्या पोकळीत असलेले अन्न वस्तुतः अजून शरीराबाहेरच असते. त्या नळीची भिंत ओलांडून ते रक्तात उतरेल तेव्हाच ते शरीराचे झाले. हे उतरणे मुख्यत्वे लहान आतड्यात घडते. पूर्ण वाढलेल्या गाईचे लहान आतडे सुमारे ४० मीटर लांब असते. त्याची आतली बाजू गुळगुळीत नसून मखमलीसारखी असते. कारण तिच्यावर बोटांच्या आकाराचे असंख्य बारीक अंकुर उभे असतात. एकेका अंकुराची उंची अवघी मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी. अंकुरावर पेशींचा एकच थर असतो, आणि त्यातील प्रत्येक पेशीच्या माथ्यावर पुन्हा हजारोंच्या संख्येने सूक्ष्मांकुर असतात. वर्गात मुलांस मी रोपाचे मूळ उपटून त्यावरील केशमुळे दाखवीत असे. मूळ जाड असून भागत नाही. जमिनीतील ओल शोषली जाते ती त्या केसांसारख्या तंतूंनी. आतड्याचे अंकुर ही जनावराच्या पोटातील केशमुळेच समजावीत.

परंतु नुसता पृष्ठभाग असूनही काम होत नाही. भिंत आहे तर तीत दारे हवीत. पेशींच्या माथ्यावर अशी दारे असतात, आणि ती प्रथिनांची बनलेली असतात. साखरेचे दार वेगळे, प्रथिनांच्या घटकांचे वेगळे. त्यांत साखरेच्या दाराची मोठी मौजेची रीत आहे. मिठातील सोडियम आणि द्राक्षशर्करा ही दोन्ही जोडीने आली म्हणजेच ते दार उघडते. रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली ही कल्पना प्रथम मांडली. तिचा उपयोग पुढे हगवणीच्या संदर्भात येणार आहे, म्हणून ती आपण ध्यानात ठेवावी. तात्पर्य, अन्न किती शोषले जाईल हे तीन गोष्टींवर अवलंबून असते : अंकुर किती उंच व किती दाट आहेत, त्यांवरील सूक्ष्मांकुर किती आहेत, आणि पेशींच्या माथ्यावर दारे किती आहेत.

या अंकुरांवरील पेशी दीर्घायुषी नाहीत. अंकुरांच्या मुळाशी लहान लहान विवरे असतात. त्या विवरांत नव्या पेशी जन्मास येतात, हळूहळू अंकुराच्या अंगाने वर सरकतात, आणि साधारणतः तीन ते पाच दिवसांत शेंड्यास पोहोचून गळून पडतात. म्हणजे आतड्याचे अस्तर हे एकदा बांधून झालेले घर नव्हे. त्याचे बांधकाम अहोरात्र चालूच असते. येथे प्रश्न असा उद्भवतो की, या बांधकामास हुकूम कोण देतो? किती पेशी निर्माण कराव्यात, किती वेगाने, आणि केव्हा थांबावे, हे त्या विवरातल्या मूळ पेशीस कसे समजते?

याचे एक मोठे उत्तर म्हणजे ज्यांस शास्त्रज्ञ ‘ग्रोथ फॅक्टर’ म्हणतात ती द्रव्ये होत. आपण त्यांस वृद्धिघटक म्हणू. ही बहुधा लहान आकाराची प्रथिने असतात. एका पेशीने दुसऱ्या पेशीस धाडलेला तो सांगावा असतो. सांगावा ऐकण्यास कान हवेत. तसे पेशीच्या अंगावर विशिष्ट ग्राहक असतात. वृद्धिघटक त्या ग्राहकास जाऊन चिकटला म्हणजे पेशीच्या आत एकामागून एक क्रिया सुरू होतात आणि पेशीचे वर्तन बदलते. ज्या पेशीवर तो ग्राहक नाही, तिला तो सांगावा ऐकूच येत नाही.

या घटकांपैकी एकाचा शोध कसा लागला, ती हकीकत ऐकण्याजोगी आहे. स्टॅन्ली कोहेन हे अमेरिकन शास्त्रज्ञ उंदरांच्या लाळग्रंथींच्या अर्कावर काम करीत होते. तो अर्क नवजात उंदरांस टोचला असता त्यांचे डोळे, जे एरवी सुमारे दोन आठवड्यांनी उघडावयाचे, ते आठवड्याभरातच उघडू लागले. दातही लवकर आले. दुसरा कोणी असता तर त्याने ती एक विचित्र गोष्ट म्हणून सोडून दिली असती. कोहेन यांनी तिचा पाठपुरावा केला, अर्कातील ते द्रव्य वेगळे काढले, आणि १९६२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. हाच बाह्यत्वचेचा वृद्धिघटक होय. या कामाबद्दल कोहेन यांस, मज्जापेशींचा वृद्धिघटक शोधणाऱ्या रिता लेव्ही-मोन्ताल्चिनी या विदुषींसमवेत, १९८६ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. पुढे असे आढळून आले की, हा घटक लाळेत आहे तसाच आईच्या दुधातही आहे, आणि त्याचे ग्राहक आतड्याच्या पेशींवर आहेत. दुसरा महत्त्वाचा घटक इन्शुलिनशी साम्य असलेला. त्यास इन्शुलिनसदृश वृद्धिघटक असे म्हणतात. गाईच्या चिकात याचे प्रमाण विशेष असते.

आता हे घटक आतड्यात काय करतात ते पाहू. पहिले कार्य असे की, विवरांतील मूळ पेशी अधिक वेगाने विभागू लागतात; त्यामुळे अंकुर उंच होतात व दाट होतात. यास काही दिवस लागतात. दुसरे कार्य संरक्षणाचे. जखमी झालेले अस्तर लवकर भरून येते, आणि पेशी अकाली मरण्याचे प्रमाण घटते. तिसरे कार्य मात्र फार त्वरेने होते. सशांच्या आतड्यावर बाह्यत्वचेच्या वृद्धिघटकाचे प्रयोग झाले, त्यांत असे दिसले की, नव्या पेशी जन्मास येण्याच्या आधीच, थोड्याच अवधीत, असलेल्या पेशींचेच सूक्ष्मांकुर वाढतात, आणि पेशीच्या पोटात राखून ठेवलेली साखरेची दारे माथ्यावर आणून बसविली जातात. म्हणजे गवंडी येण्यापूर्वी घरच्याच माणसांनी कोठीतली जादा दारे काढून चौकटीस लावावीत, तसा हा प्रकार. यावरून ध्यानात येईल की, वृद्धिघटक हे स्वतः अन्न नव्हेत. ते अन्नाचे पोषण वाढवीत नाहीत. अन्न घेण्याची आतड्याची शक्ती वाढवितात. एकाच गाईचे तेवढेच दूध दोन वासरांनी प्यावे आणि एकास ते अधिक लागावे, दुसऱ्यास कमी, याचे एक कारण येथे सापडते.

नवजात वासराचे आतडे गर्भातून नुकतेच बाहेर आलेले असते. तोवर त्याचे सारे पोषण नाळेच्या वाटेने झालेले असल्यामुळे आतड्यास खरे काम असे पडलेले नसते. जन्मतःच त्यावर एकदम मोठे काम येऊन पडते. नेमक्या याच वेळी आईच्या कासेत चीक तयार असतो. दुधात घन द्रव्य सुमारे अष्टमांश असते. पहिल्या चिकात ते जवळजवळ चतुर्थांश भरते. दुधात प्रथिने शेकडा तीन-साडेतीन, तर पहिल्या चिकात ती शेकडा चौदाच्या घरात असतात. इन्शुलिनसदृश वृद्धिघटक तर नंतरच्या दुधाच्या मानाने पहिल्या चिकात कित्येक पटींनी अधिक असतो. प्रत्यक्ष इन्शुलिनही अधिक असते. हे प्रमाण दर धारेगणिक झपाट्याने उतरते, आणि तीन-चार दिवसांत चीक जाऊन साधे दूध येऊ लागते.

कोणी शंका घेईल की, वृद्धिघटक जर प्रथिने आहेत, तर इतर प्रथिनांप्रमाणे ती पोटात पचून का जात नाहीत? शंका रास्त आहे. याचे उत्तर असे की, पहिल्या दिवशी वासराच्या जठरात आम्ल फारच थोडे असते, पाचक रसही अद्याप पुरते सुरू झालेले नसतात, आणि शिवाय चिकातच एक असे द्रव्य असते की जे प्रथिने फोडणाऱ्या पाचक रसास काही काळ आवरून धरते. त्यामुळे हे सांगावे फारशी मोडतोड न होता आतड्यापर्यंत पोहोचतात. मात्र ही सवलत थोड्याच काळाची असते.

हे केवळ तर्काने ठरविलेले नाही. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे हॅमोन व ब्लूम या संशोधकांनी नवजात वासरांवर पुष्कळ प्रयोग केले. त्यांपैकी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वासरांस झायलोज नावाची शर्करा पाजून, ती रक्तात किती उतरते ते मोजले. ही शर्करा एरवी वासराच्या रक्तात नसल्याने, जेवढी रक्तात दिसेल तेवढी आतड्याने शोषली असे समजता येते. ज्या वासरांस पहिले काही दिवस चीक मिळत राहिला, त्यांच्या आतड्याने ती शर्करा अधिक शोषली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात चीक एक दिवस उशिराने दिला असता वासराच्या रक्तातील पोषक द्रव्ये व संप्रेरके यांवर त्याचा स्पष्ट परिणाम दिसला. याच संशोधनातून आणखी एक बोध मिळाला. इन्शुलिनसदृश वृद्धिघटक वेगळा काढून नुसताच पाजला असता चिकाइतका गुण दिसला नाही. चिकातील घटक एकमेकांच्या साहाय्याने काम करीत असावेत. म्हणजे चिकास पर्याय चीकच होय.

या विषयास दुसरी एक बाजू आहे, आणि ती वेळेच्या दृष्टीने अधिकच निकडीची आहे. मनुष्याच्या बालकास आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये, म्हणजे प्रतिपिंडे, गर्भातच वारेतून मिळतात. गाईच्या वारेची रचना निराळी असल्यामुळे ती वासरास गर्भात मिळत नाहीत. वासरू जन्मास येते ते जवळजवळ निःशस्त्र. त्याची सारी शस्त्रे चिकात असतात. ही प्रतिपिंडे मोठ्या आकाराची असून, जन्मानंतर थोडाच वेळ आतड्याच्या पेशी त्यांस अखंड स्वरूपात आत घेतात. पहिल्या सहा तासांत, म्हणजे पहिल्या दोन प्रहरांत, हे ग्रहण उत्तम होते. त्यानंतर ते तासातासाने घटते, आणि सुमारे २४ तासांत ती वाट मिटून जाते. त्यानंतर घागरभर चीक पाजला तरी त्यातील प्रतिपिंडे रक्तात जात नाहीत.

शेतकऱ्यास वाफसा म्हणजे काय, हे मी सांगावयास नको. पाऊस पडून गेल्यावर जमिनीत जी नेमकी ओल असते, तीत पेरलेले बी चांगले उगवते. वाफसा हुकला की तेच बी, तीच जमीन, तोच शेतकरी. पण पीक निराळे. वासराच्या आतड्याचा वाफसा जन्मापासून पहिल्या दोन प्रहरांचा असतो. आमच्या गोऱ्ह्याचा तो दाव्याला बांधलेल्या स्थितीत निघून गेला.

आता वारेच्या समजुतीचा विचार करू. वार, ज्यास आपल्याकडे जारही म्हणतात, ती निरोगी गाईची साधारणतः आठ ते बारा तासांत पडते. म्हणजे वारेची वाट पाहावयाची ठरविली तर वासराचा वाफसा बहुधा टळणारच. शिवाय चीक पाजल्याने वार अडकते, ही समजूत वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. वासराने सडास तोंड लावले की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात सुटते. त्यानेच पान्हा फुटतो, आणि त्यानेच गर्भाशय आकुंचन पावून वार सुटण्यास मदत होते. ज्या गोष्टीने वार अडकेल असे आपण भितो, त्याच गोष्टीने ती सुटावयास साहाय्य होते. बारा तास उलटूनही वार पडली नाही तर पशुवैद्यास बोलवावे. ती हाताने ओढू नये, किंवा तीस वजन बांधू नये.

दुसरी समजूत अशी की, चीक जड असतो, त्याने वासरास हगवण लागते. चीक किंचित सारक आहे खरा. परंतु तो गुणच होय. गर्भात असताना आतड्यात साठलेला काळसर चिकट मळ त्याने बाहेर पडतो. हगवण लागते ती अस्वच्छ भांड्याने, घाणेरड्या कासेने, ओल्या गोठ्याने, आणि एका वेळी मर्यादेबाहेर पाजण्याने. जन्मल्याबरोबर तासाभराच्या आत वासराच्या तोंडात पहिला चीक जावा. सर्व मिळून वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या सहा तासांत, दोन-तीन वेळा विभागून, त्याच्या पोटात जावा. देवणीचे वासरू साधारण वीस किलोंचे धरले तर हा हिशेब दोन लिटरांचा होतो. आधी कास कोमट पाण्याने धुऊन कोरडी करावी. अशक्त वासरू सडास लागत नसेल तर स्वच्छ बाटलीने, डोके फार उंच न धरता, सावकाश पाजावे. पुढील तीन-चार दिवसही चीक वासरास मिळत राहावा. कारण रक्तात प्रतिपिंडे जाण्याची वाट मिटली तरी वृद्धिघटकांचे काम आतड्याच्या अस्तरावर चालूच असते.

मग खरवसाचे काय? मला स्वतःला खरवस आवडतो, हे कबूल करतो. आपल्या सीमेपलीकडे तेलंगणात यासच जुन्नू म्हणतात, आणि तेथेही तो तितकाच प्रिय आहे. खरवस वाफेवर थिजतो कसा, याचा कधी विचार केला आहे काय? साध्या दुधात साखर घालून ते वाफवले तर ते तसे थिजत नाही. चीक थिजतो तो त्यातील विपुल प्रथिनांमुळे. अंडे उकडल्यावर जसे घट्ट होते तसाच हा प्रकार. ज्या प्रथिनांनी वासराचे रक्षण व्हावयाचे ती खरवसात गोठून निकामी झालेली असतात. म्हणून दोन गोष्टी पाळाव्या. वासरास चीक कधीही उकळून पाजू नये. आणि पहिल्या दिवसाचा चीक वासराचा समजावा, खरवस करणे तो वासराचे पोट भरून उरेल त्याचाच करावा. ज्या घरी शीतपेटी आहे त्यांनी निरोगी गाईचा जादा चीक स्वच्छ बाटलीत गोठवून ठेवावा. एखादी गाय विताना दगावली, किंवा तिला चीकच आला नाही, तर कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवलेला हा चीक परक्या वासराचा जीव वाचवितो.

चिकाचे दिवस सरल्यावर आतड्यास वृद्धीचा सांगावा कोण देतो, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. पुढे हे काम मुख्यत्वे शरीर स्वतः करते, आणि त्यास चालना देते ते अन्नच. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात काही पेशी अशा आहेत की, त्यांच्यापर्यंत अन्न पोहोचले म्हणजे त्या एक संप्रेरक सोडतात, आणि त्याच्या परिणामाने अंकुर वाढतात. कॅनडातील टोरोंटो येथे डॅनियल ड्रकर व त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली उंदरांवरील प्रयोगांत हे दाखविले. त्या संप्रेरकाच्या धर्तीवर बनविलेल्या औषधास अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली. ज्या माणसांचे आतडे शस्त्रक्रियेने बरेचसे काढून टाकावे लागले, त्यांस उरलेल्या आतड्याने अधिक अन्न शोषता यावे, यासाठी ते देतात. याच नियमाची दुसरी बाजू अशी की, आतड्यात अन्न येईनासे झाले तर अंकुर खुरटतात. दीर्घ उपवासानंतर एकदम भरपूर अन्न सोसत नाही, त्याचे एक कारण हेच.

हगवणीच्या वेळी हा नियम विसरू नये. वासरांच्या पुष्कळशा हगवणी विषाणूंमुळे होतात, आणि ते अंकुरांच्या शेंड्यांवरील पेशींचा नाश करतात. परंतु मुळाशी असलेली विवरे बहुधा शाबूत असतात. तेथून नव्या पेशी वर येऊन काही दिवसांत अस्तर पुन्हा बांधले जाते. प्रश्न तेवढे दिवस वासरू जगविण्याचा असतो, आणि ते मरते ते बहुधा अंगातील पाणी व मीठ निघून गेल्यामुळे. येथे ते जोडीचे दार उपयोगी पडते. मीठ व साखर योग्य प्रमाणात मिसळलेले पाणी पाजले असता दोन्ही आत जातात आणि त्यांच्यामागून पाणीही जाते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच उपायाने असंख्य माणसांचे प्राण वाचविले. वासरासही पशुवैद्याच्या सल्ल्याने हेच पाणी द्यावे, आणि दूध अजिबात तोडू नये. थोडे थोडे देत राहावे. दूध तोडले की बांधकाम करणाऱ्यांचा शिधाच बंद होतो.

शेवटी एक इशारा. बाजारात वाढीची म्हणून अनेक औषधे विकली जातात, आणि नावातील साम्यामुळे मनुष्य फसतो. आपण ज्यांचा विचार केला ते वृद्धिघटक शरीरात योग्य जागी, योग्य वेळी, अल्प मात्रेत काम करतात. त्यांचा अतिरेक हितकर नसतो. ‘वाढा’ हा सांगावा ज्या पेशींत थांबेनासा होतो, तेथे अर्बुदे उद्भवतात. जनावरे लवकर वाढावीत म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची जी रीत पडली होती, तिचा तर या विषयाशी काही संबंध नाही. युरोपीय संघाने ती २००६ सालापासून बंद केली, आणि आपल्या देशात कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या जनावरांस देण्यास २०१९ साली बंदी झाली. गोठ्यातील गाय जे फुकट देते त्याची जागा कोणतीही बाटली घेऊ शकत नाही.

श्रोतेहो, गेल्या काही वर्षांत आमच्या पुतण्याच्या गोठ्यात एक पालट झाला आहे. गाय व्याली, तिने वासरू चाटून कोरडे केले, ते उभे राहिले, की कास धुऊन त्यास लगेच सडाशी लावतात. वार मागाहून पडते, आणि आजवर या कारणाने ती कधी अडकली नाही. परवा आमच्या वहिनी, ज्यांनी पूर्वी या गोष्टीस कडाडून विरोध केला होता, त्याच शेजारणीस सांगत होत्या की, बाई, आधी वासरू, मग वार, आणि सर्वांत शेवटी खरवस. हा क्रम आपल्या गावातील आणखी दोन-चार घरांत पोहोचला, तर आजच्या माझ्या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.